पुलाच्या तोंडाशी

देव जरी समोर उभा राहिला, तरी ‘आधी ओळखपत्र दाखवा’ म्हणणारी माणसं असतात. हा आगगाडीचा चालक त्यांच्यातलाच. बायकोने न मागता चहा पुढे केला, तर कप हातात घेण्याआधी विचारायचा, ‘काय मोडलं?’ फळवाल्याने एखादं फळ जास्तीचं टाकलं, तर सगळी पिशवी ओतून नासकं कुठलं ते शोधायचा. चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी बरंच वाटायचं. ‘शंका घेतो म्हणूनच माझी गाडी आजवर रुळावर आहे,’ असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. सिग्नल हिरवा असला तरी तो दोनदा बघायचा. अशा माणसाच्या गाडीत खुशाल डोळे मिटून बसावं. त्याच्याबरोबर जेवायला मात्र बसू नये.

मार्ग सुधारायचं काम निघालं तेव्हापासूनच त्याचं नाक मुरडलेलं होतं. जुने रूळ उचलले, खालची खडी बदलली, रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले, आणि रुळांचे तुकडे वितळवून एकमेकांना असे जोडले की या शहरापासून त्या शहरापर्यंत जणू एकच अखंड रूळ. वळणांवर बाहेरचा रूळ उचलून घेतला, म्हणजे गाडीला वेग मोडायला नको. मग त्यावर धावायला लांब नाकाची नवी गाडी आली, जुनीच्या जवळपास दुप्पट वेगाची. तिच्या चाचणीसाठी साहेबांनी सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खट चालक म्हणून यालाच निवडलं. इतरांना वाटलं, आता तरी गडी हसेल. तो म्हणाला, ‘मलाच का? यात काहीतरी असणार.’

आणि निघालंही. नदीच्या अलीकडचं वळण संपून गाडी पुलावर चढते, बरोबर तिथे, पुलाच्या तोंडाशी, एक हिसका बसायला लागला. फार मोठा नाही. चालता चालता कुणी मागून शर्ट धरावा आणि सोडून द्यावा, तेवढाच. पण एवढ्या वेगात तेवढासुद्धा चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. याने पहिल्या फेरीनंतर तक्रार केली. दुसऱ्या फेरीनंतर केली. साहेबांनी रूळ तपासणाऱ्या यंत्रांचा डबा आणून फिरवला, तर यंत्रं म्हणाली, सगळं ठीक. याची सहचालक, नुकतीच परीक्षा उत्तम पास झालेली मुलगी, तिने गाडी नेली तर ती म्हणाली, ‘काका, मला तर काहीच जाणवलं नाही.’

‘तुला कसं जाणवेल?’ तो म्हणाला. ‘तुला साहेबाला खूश करायचंय.’

आता खरी गोम पुढेच आहे. वळण आणि पूल हा पट्टा ज्याच्या ताब्यात होता, तो रुळांच्या टोळीचा मुकादम म्हणजे याचा सख्खा व्याही. याची एकुलती एक लेक मुकादमाच्या घरात दिलेली. मुकादम तोंडाने गोड, पायाला भिंगरी, कुणालाही ‘अहो जाहो’ केल्याशिवाय न बोलणारा. आणि गोड माणसाइतकी याला दुसऱ्या कशाचीच धास्ती वाटत नसे. लग्न ठरलं तेव्हाच तो बायकोला म्हणाला होता, ‘इतकं गोड बोलतोय म्हणजे मुलात काहीतरी असेल.’ मुलात काही नव्हतं. जावई सोन्यासारखा निघाला. पण याच्या मनातली पाल तेव्हापासून चुकचुकायची ती चुकचुकतच राहिली.

पुलाच्या तोंडाशी पूर्वी एक जोड होता. तिथे रुळात फट होती आणि जुनी गाडी त्यावर धाडकन आदळायची. प्रवाशांचे चहा सांडायचे, वरच्या बॅगा हलायच्या. नव्या कामात तो जोड काढून तिथे अखंड रूळ टाकला, असं मुकादम भेटेल त्याला छाती फुगवून सांगत होता. याला वाटायचं, काढला कसला, वरून झाकला असेल. खाली कुठेतरी पाणी मुरतंय.

‘व्याही, खरं सांगा,’ एकदा त्याने विचारलंही, ‘पार खालपर्यंत खणलं होतंत ना?’

‘अहो, म्हणजे काय!’ मुकादम हसला. ‘तुमची लेक माझ्या घरात आहे आणि तुमची गाडी माझ्या रुळावर. मी कशाला खोटं बोलू?’

हे उत्तर ऐकून दुसऱ्या कुणाचंही समाधान झालं असतं. याची झोप उडाली.

मुकादमाने तक्रारीवरून खडी पुन्हा ठोकून घेतली, आधी यंत्राने, मग माणसं लावून. वितळवलेला प्रत्येक जोड तपासून घेतला. तरी याच्या पुढच्या फेरीला हिसका बसलाच. शेवटी साहेबांनी मुकादमाला बोलावून स्वच्छ सांगितलं, ‘आता मी स्वतः गाडीत बसतो. हिसका मला जाणवला, तर हा पट्टा तुमच्याकडून काढून घेईन आणि तुमची रवानगी लांबच्या यार्डात.’ पट्टा गेला म्हणजे पट्ट्याबरोबरचं घर गेलं. त्या घरात मुकादम, त्याची बायको, याचा जावई आणि याची लेक राहत होती.

लेकीचा फोन आला. ‘बाबा, सासरे दोन घास खाऊन उठतात हो. तुमची खात्री आहे ना?’

‘हिसका बसतो तो बसतो. मी काय मनाचं सांगतो का?’

‘तसं नाही म्हणत मी.’ ती म्हणाली. ‘पण तुम्हाला कधी कुणाचं खरंच वाटलंय का?’

याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, ‘तिला तिकडून पढवलंय.’ बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

साहेब बसणार होते त्या फेरीला मुकादमाने विनंती केली, मलाही चालकाच्या केबिनमध्ये येऊ द्या. मागच्या दोन खुर्च्यांवर साहेब आणि मुकादम बसले. सहचालक बाजूच्या खुर्चीत. याने हात वेगाच्या लिव्हरवर ठेवला आणि गाडी सोडली. वेग वाढला तसे बाहेरचे खांब एकमेकांत मिसळून गेले. समोरच्या काचेत मागच्यांची तोंडं पुसट दिसत होती, आणि याच्या लक्षात आलं, मुकादम रुळांकडे बघतच नाही. तो याच्याकडे बघतोय. टक लावून. ‘घ्या!’ हा मनात म्हणाला. ‘स्वतःचं काम बघायचं सोडून माझ्यात खोट शोधतोय.’

वळण आलं, गाडी कलली, सरळ झाली, आणि पुलाच्या तोंडाशी हिसका बसला.

‘लागला?’ याने मान न वळवता विचारलं.

‘लागला,’ साहेब म्हणाले. ‘थोडा, पण लागला. मुकादम, काय म्हणणं आहे तुमचं?’

मुकादमाने याच्यावरची नजर काढली. काचेत त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग तो म्हणाला, ‘काही म्हणणं नाही साहेब. पट्टा माझा आहे. चूक माझीच असणार.’

साहेबांनी त्याच दिवशी बदलीचा हुकूम काढला.

झालं! याचं खरं ठरलं होतं. तो घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला आणि घास हातातच राहिला.

‘आता काय?’ बायको म्हणाली. ‘व्याह्याने कबूल केलं ना? आता तरी पोट भरलं का?’

‘तेच तर!’ तो म्हणाला. ‘इतक्या सहज कोण कबूल करतं? काल परवापर्यंत जोड काढलाय म्हणून छातीठोक सांगणारा माणूस, एका हिसक्यात हात वर करतो? भांडला नाही. चिडला नाही. पुन्हा मोजा म्हणाला नाही. यात काहीतरी आहे.’

‘अहो, तुमच्यापुढे आता माणसाने करायचं तरी काय? नाही म्हटलं तर लबाड, हो म्हटलं तरी लबाड!’ बायको ताट उचलून आत निघून गेली. ती रडते आहे हे त्याला भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाच्या घरी गेला. दारात पोती आणि खोकी रचलेली होती. लेक स्टुलावर चढून खिडकीचे पडदे काढत होती. तिने बापाला पाहिलं, खाली उतरली, पाण्याचा पेला आणून ठेवला आणि पुन्हा स्टुलावर चढली. विहीणबाई आतल्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत. मुकादम पलंगाचे पाय सोडवत बसला होता.

‘या व्याही, बसा,’ तो म्हणाला. ‘बसायला काही उरलं असेल तर.’

‘तुम्ही कबूल का केलंत?’

‘तुम्हाला तेच हवं होतं ना?’

‘मला खरं हवं होतं. जोड काढला होता की नव्हता?’

‘काढला होता. माझ्या डोळ्यांदेखत.’

‘मग हिसका कुठून येतो?’

मुकादमाने पाना खाली ठेवला. लेकीकडे एकदा बघितलं. ‘व्याही,’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘पुढच्या फेरीला गाडी तुमच्या त्या सहचालक मुलीला चालवू द्या. तुम्ही बाजूच्या खुर्चीत बसा.’

‘का?’

‘बसा म्हटलं ना. याहून जास्त मी बोलणार नाही. आणि बसला नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही.’

वाटेत याच्या डोक्यात नुसता भुंगा. मुलीला आधीच फितवलंय का? तिच्या फेरीला नेमकं काही करून ठेवणार आहेत का? मला खोटं पाडायचा डाव आहे का? पण डाव असेल तर तो समोर बसूनच धरता येतो. म्हणून तो बसला. सहचालकाला म्हणाला, ‘आज तू ने. मी बघतो.’ तिला जेवढा आनंद झाला तेवढीच भीतीही वाटली.

तो तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होता. तिचा हात, तिची बोटं, तिचा वेग. कुठे कमी करते का, कुठे लपवते का. तिने काही केलं नाही. वळण आलं, गाडी कलली, सरळ झाली, आणि पुलाचे लोखंडी खांब दोन्ही बाजूंनी धावत मागे गेले. हिसका नाही. पाण्यावर तेल सरकावं तशी गाडी पुलावर गेली.

‘काय केलंस तू?’ असं विचारायला तो वळला, आणि त्याची नजर स्वतःच्या मांडीवर गेली.

त्याच्या उजव्या हाताने गुडघ्यावरची पँट मुठीत धरून पोटाकडे ओढली होती. घट्ट. बोटं पांढरी पडली होती. समोर लिव्हर नव्हता, हिसका नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. हाताने आपलं काम केलं होतं.

तेव्हा कुठे त्याला उलगडलं. सगळी नोकरी त्या जोडावरून गाडी नेण्यात गेली होती. जोड यायच्या आधी वेग किंचित मागे घ्यायचा, म्हणजे दणका कमी बसतो, हे तो कुणाकडून शिकला नव्हता, हातच शिकला होता. जुन्या गाडीला तेवढ्याने काही कळायचं नाही. नवी गाडी मात्र बोट हललं तरी ऐकणारी. जोड गेला, फट गेली, हाताला कुणी कळवलंच नाही. हात मागे यायचा, गाडी हिसका खायची, आणि हा म्हणायचा, हिसका बसला म्हणून माझा हात मागे आला. साहेबांनीही तेच धरलं. गाडीच्या नोंदयंत्रात लिव्हर मागे आल्याचं दिसत होतं, पण घाबरून कुणाचाही हात मागे येईल, त्यात बघायचं काय?

फक्त मुकादमाने बघितलं होतं. टक लावून. आणि बघून तो म्हणाला होता, चूक माझीच असणार. कारण ज्या चालकाचा हात त्याला न विचारता चालतो, त्याला गाडीवर कोण ठेवेल? मुकादमाला दुसरीकडे रूळ मिळतील. याला दुसरा हात मिळणार नव्हता.

‘काका, काही जाणवलं?’ मुलीने विचारलं.

इथे तो गप्प बसू शकत होता. कुणी पाहिलं नव्हतं. मुकादम बोलणार नव्हता. हाताला हळूहळू वळण लावता आलं असतं, आणि मुकादम गेल्यावर हिसका थांबला असता तर लोक म्हणाले असते, बघा, शंकासुराचं खरं होतं. हा विचार त्याच्या मनात आला, चांगला दोन खांब टिकला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. जन्मभर ज्याला शोधत होतो तो लबाड माणूस हा इथे बसलाय, असं त्याला वाटलं.

‘जाणवलं,’ तो म्हणाला. ‘पण तुझं काही नाही त्यात.’

साहेबांच्या खोलीत तो उभ्या उभ्याच बोलला. ‘साहेब, रूळ निर्दोष आहेत. हिसका माझ्या हाताने बसतो. नाचता येईना, अंगण वाकडं, तसं झालं.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘बसा. काल मुकादम म्हणाले चूक माझी. आज तुम्ही म्हणता माझी. मुलीचं घर हलतंय, मला कळतं. बाप आहात. पण नात्यासाठी मला असं सांगू नका.’

‘मी खोटं बोलत नाही साहेब.’

‘तुम्ही? आजवर कुणाचीही बाजू न घेणारा माणूस? अचानक तुम्हाला व्याही आठवला? मला तर यात काहीतरी दिसतंय.’

याला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तो काही न लपवता बोलत होता आणि समोरच्याचा चेहरा आरशात बघावा तसा ओळखीचा होता. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका,’ तो म्हणाला. ‘मीही ठेवला नसता. फक्त पुन्हा एकदा मागे बसा. रुळांकडे बघू नका, माझ्या हाताकडे बघा. आधी काय होतं तेवढं बघा.’

साहेब बसले. पण गाडी सुटली आणि याला नवीच धास्ती पडली. आता आपल्याला कळलंय. कळल्यावर हात हललाच नाही तर? मग साहेब म्हणणार, बघा, काही नाही, आणि लेकीचं सामान ट्रकमध्ये चढणार. मुद्दाम ओढावा का? खऱ्यासाठीच तर ओढायचा. पण मुद्दाम ओढलेला हात साहेबांनी ओळखला, तर खरंही खोट्यात जाईल. वळण दिसायला लागलं. त्याच्या कपाळावर घाम आला. कधी नवस न बोलणारा माणूस, पण त्याने मनात हात जोडले. स्वतःच्या हातालाच म्हणाला, एवढी वर्षं माझं न ऐकता चाललास, आज एकदा चाल. मग त्याने हातावरचं लक्ष काढलं आणि नेहमीसारखा पुलापलीकडचा सिग्नल बघितला. हिरवा होता. नेहमीसारखाच पुन्हा एकदा बघितला.

गाडीने हिसका खाल्ला.

‘आधी हात,’ साहेब मागून सावकाश म्हणाले. ‘हात आधी आला.’

‘हो साहेब,’ तो म्हणाला, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांसमोरचे रूळ पुसट झाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘पुढच्या स्टेशनात गाडी उभी करा. तिथून ती नेईल.’

त्याने गाडी उभी केली. इतकी अलगद की फलाटावरच्या माणसांना ती कधी थांबली कळलं नसेल. उठला, आणि मुलगी त्याच्या जागेवर बसली. तिचे पाय पोचेनात, म्हणून तिने खुर्ची पुढे सरकवून घेतली. ते बघवेना म्हणून तो साहेबांकडे वळला.

‘मुकादमाची बदली?’

‘रद्द.’

‘आत्ता फोन करा. माझ्यासमोर.’

‘अहो, मी सांगतोय ना तुम्हाला!’

‘माझ्यासमोर करा साहेब.’

साहेबांनी फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि फोन त्याच्यापुढे धरला. पलीकडे मुकादम होता. मागे कुणीतरी काहीतरी विचारत होतं, तो लेकीचा आवाज होता.

‘व्याही, कशाला बोललात?’ मुकादम म्हणाला. ‘मी गेलो असतो की. आता तुमचं काय होणार?’

‘माझं राहू द्या.’ त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘व्याही, जोड काढलाय तुम्ही,’ तो म्हणाला. ‘पार खालपर्यंत काढलाय.’

पलीकडून हुंदका ऐकू आला. मुकादम रडत होता. याने फोन साहेबांच्या हातात दिला, टोपी काढली आणि मागच्या डब्यात प्रवाशांच्या खुर्चीवर जाऊन बसला.